कोळूची रोपं कोणाकडे बघतात

१६ जून

आले एकदाची बोईसरला! अकोल्याहून निघताना आईने चिवडा, चकल्या आणि सूचना अशा तीन गोष्टी भरभरून बांधून दिल्या होत्या. त्यातला चिवडा गाडीतच संपला. खोली झकास आहे. खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं आणि त्याच्या मागे कारखान्यांच्या चिमण्या. हवेला मात्र वास आहे, सकाळी कुजक्या कांद्याचा, दुपारी नेलपॉलिशचा. मी नाकाला ओढणी लावली तर रिक्षावाला हसला. म्हणाला, आठ दिवसांत सवय होईल, मग गावाला गेलात की चुकल्यासारखं वाटेल.

कामाची जागा कुंभवलीच्या बाजूला. आधी तिथे औषधगोळ्यांचं गोदाम होतं, आता औषधी वनस्पतींची रोपं होतात. आमचे मॅनेजर धीरजसर बोलायला गोड आहेत आणि सतत घाईत असतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक बिनखिडकीची खोली दाखवली आणि आजपासून ही तुमची, असं सांगून टाकलं. सगळे तिला काळी खोली म्हणतात. आत लोखंडी मांडण्या, प्रत्येक मांडणीवर वेगळ्या रंगाचे दिवे आणि पुढे काळे पडदे. कोणत्या रंगाच्या उजेडात कोणतं बी लवकर उगवतं ते मी शोधायचं. म्हणजे हिमानीबाईंना पगार मिळणार तो दिवे लावायचा आणि विझवायचा. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, घरी कधी एक दिवा बंद केला नाहीस.

छताला एक वेगळी नळी आहे. तिच्या उजेडाने बुरशी मरते, पण तो डोळ्यांना घातक असतो. म्हणून ती सकाळी कोणी यायच्या आत आपोआप लागते आणि बंद होते. शिवाय दाराच्या चौकटीत बटण आहे. दार उघडलं की नळी विझलीच पाहिजे. इलेक्ट्रिशियन विनोदने हे मला तीनतीनदा दाखवलं. तो एडवणचा. घरची होडी आहे, पण याला बोटीवर मळमळतं, म्हणून वायरींत शिरला. मला सुके बोंबील आणून द्यायचं त्याने कबूल केलंय.

२४ जून

आता हिराबाई. डोंगराकडच्या एका पाड्यावरची आहे, कामासाठी कुंभवलीत खोली घेऊन राहते. बी साफ करणं आणि ट्रे भरणं हे तिचं काम. ती मला 'तू' म्हणते. धीरजसरांनाही 'तू' म्हणते. पहिल्या दिवशी मला जरा लागलं, आता बरं वाटतं.

तिला मी कामाची माहिती दिली, माझं ज्ञान पाजळायची संधी सोडते कशाला. पुष्कळ बारीक बिया मातीखाली झोपलेल्या असतात आणि उजेड मिळाल्याशिवाय उठत नाहीत. तांबडा उजेड त्यांना उठवतो. त्याच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद तांबडा त्यांना परत झोपवतो. दोन्ही आलटून पालटून दिले तर बी शेवटचा उजेड कोणता मिळाला तेवढंच लक्षात ठेवतं. निळ्याचं काही सांगता येत नाही. हिरवा त्यांना जवळजवळ कळतच नाही, म्हणून अंधारातले ट्रे उघडताना आम्ही हिरवा दिवा लावतो. तुळस, काळमेघ, सर्पगंधा सगळं लावलंय, पण कंपनीचा जीव अडकलाय सफेद मुसळीत, कारण ती बियांपासून नीट उगवतच नाही. हिराबाई तिला कोळूची भाजी म्हणते. त्यांच्याकडे पावसाळ्यात तिचा कोवळा पाला देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. बी तिनेच पाड्यावरून आणलंय, काळंभोर, कांद्याच्या बियांसारखं.

आज ट्रे भरताना ती काहीतरी पुटपुटत होती. विचारलं तर म्हणाली, बियाण्याला आपलं नाव सांगते. त्यांच्या घरात तशी रीत आहे, पेरणाऱ्याने नाव सांगायचं. "नाव नाय सांगितला तर उगवून ते कोणाकडं बगंल?" मी खूप हसले. तीही हसली. मग मला म्हणाली, तू पण सांग. मी म्हटलं, माझं नाव लेबलवर आहे.

तिच्या लेकीला, ठमीला, भातकापणीच्या सुमाराला बाळ व्हायचंय. आधीची दोन राहिली नाहीत. म्हणून हिराबाई दिवस मोजत असते. "या वक्ताला तोंड बगायचाच," असं दिवसातून चारदा तरी म्हणते.

५ जुलै

मुसळी उगवली! तांबड्याखाली सगळ्यात जास्त, निळ्याखाली थोडी, आणि पूर्ण अंधारातही थोडी. धीरजसरांनी पेढे मागवले.

एक गंमत लिहून ठेवते. अंधारातले ट्रे काळ्या बंद खोक्यात असतात. अंधारात रोपाला दिशा नसते, ते कसंही वेडंवाकडं वाढतं. पण आज खोकी उघडली तर रोपं सगळी एका बाजूला झुकलेली होती. खोकी वेगवेगळ्या मांडण्यांवर होती, पण रोख एकच, मधल्या स्टुलाकडे. तिथे हिराबाई दिवसभर बी निवडत बसते. मी म्हटलं, कुठूनतरी उजेड झिरपत असणार. हिराबाईला त्यात काही नवल वाटलं नाही. नाव सांगितलं होतं ना, म्हणाली.

१५ जुलै

दाराच्या बटणाने नाकी नऊ आणलेत. दार उघडलं की नळीबरोबर बाकीच्या दिव्यांचं वेळापत्रकही विस्कटतं आणि पहिल्यापासून सुरू होतं. हिराबाई ट्रे घेऊन आत-बाहेर करणार आणि माझा अभ्यास मातीत जाणार. विनोद म्हणाला, सुटा भाग मुंबईहून मागवलाय, तोवर हात लावू नका. धीरजसरांना मात्र महिनाअखेर आकडे हवेत.

शेवटी मीच बटण दाबून वर चिकटपट्टी लावली, म्हणजे दार कायम बंदच आहे असं धरलं जाईल. दोन मिनिटांचं काम. नळी तशीही पहाटेच लागते आणि बंद होते, तेव्हा आत असतं कोण?

२३ जुलै

कसं लिहू?

गेले काही दिवस वीज तासनतास जात होती. प्रत्येक वेळी नळीचं घड्याळ तेवढं मागे पडत गेलं असणार. मी ते पाहिलं नाही. आज संध्याकाळी हिराबाई डोळे चोळत बाहेर आली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणाली, कालपण झालं होतं. डोळे लालभडक. मी आत गेले, सहज वर पाहिलं, तर नळी चालू होती.

निळ्या मांडणीच्या पडद्यातून उजेड येतोच, त्यात तो फिकट निळसर उजेड मिसळून गेला होता. ती त्याच्या बरोबर खाली बसते. मला चष्मा आहे आणि मी आत येऊन जाऊन असते. ती दिवसभर.

नळी बंद केली. चिकटपट्टी काढून खिशात टाकली. मग बाहेर येऊन हसत म्हणाले, हिराबाई, डोळे आलेत तुमचे, साथ आहे सगळीकडे. माझ्या पर्समध्ये मागच्या वर्षीची डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती, ती तिला दिली. लाली लगेच उतरते हे मला माहीत होतं. ती म्हणाली, किती करतेस गं माझं.



२८ जुलै

लाली उतरली आणि आठवड्याच्या आत उजव्या डोळ्यात पांढरं फूल दिसायला लागलं. मी तिला पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. स्वतःहून, रजा टाकून. तपासून ते म्हणाले, हा डोळा आधी भाजलाय, वेल्डिंग बघणाऱ्यांचा भाजतो तसा, आणि मग त्यात जखम होऊन ती चिघळली आहे. डोळ्यात काय घातलं होतं? हिराबाईने माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, बायनं औषध दिला.

बाटलीवर काय लिहिलंय ते मी आदल्या दिवशी वाचलं होतं. स्टिरॉइड. जखम असताना ते विषच. बाटलीवरच छापलंय.

मी म्हणाले, गुलाबपाणी.

तोंडातून निघूनच गेलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि गुलाबपाण्याने काही बिघडत नाही म्हणाले. मी तेव्हाच बोलले असते तर. तेव्हाच. खोलीत तिघंच होतो.

७ ऑगस्ट

उजवा डोळा गेला. डाव्यावरही तसाच डाग आहे, पण तो वाचेल असं डॉक्टर म्हणतात.

भाजलं कशाने याचा शोध धीरजसरांनी परवा काळ्या खोलीत घेतला. बटणावर पट्टीचा चिकटा राहिला होता. मला विचारलं. मी म्हणाले, मी आले तेव्हापासून असंच आहे, विनोदचं काम आहे ते. विनोदला त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

आणि आज तो माझ्या खोलीवर आला. मला वाटलं, आता हा माझ्या तोंडावर बोलणार. त्याच्या हातात कागदात बांधलेले सुके बोंबील होते. "शबुद दिलेला तुमाला," म्हणाला. मग जिन्यात थांबून म्हणाला, त्याला आठवत नाही, पण पट्टी त्याच्याच हातून राहिली असेल. म्हातारीच्या डोळ्यांपायी झोप येत नाही त्याला.

बोंबील तसेच पडलेत. खोलीभर वास आहे. टाकवत नाहीत आणि खाववत नाहीत.

१९ ऑगस्ट

अंधारातले ट्रे उघडले. हिराबाईने काम सुटण्याआधी पेरलेले.

रोपं स्टुलाकडे झुकलेली नाहीत. मी ज्या बाजूला उभी होते त्या बाजूला झुकलीत. मी झाकण लावलं, दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले, थोड्या वेळाने उघडलं. रोपं तिकडे वळली होती. इतक्या लवकर रोप वळत नाही. सकाळी परत करून पाहिलं. दुपारी परत.

उजेडाची एकही फट नाही. सगळ्या फटी मी स्वतः बुजवल्यात. खोक्यात अंधार आहे आणि बाहेर मी आहे, एवढंच.

३ सप्टेंबर

हिराबाईच्या खोलीवर गेले. सफरचंदं नेली, जसं काही सफरचंदांनी. ती भिंतीला टेकून बसली होती. आवाजावरून नाही, अजून दिसतं म्हणून ओळखलं तिने, आणि खूश झाली. उशाशी माझी बाटली होती. जवळजवळ रिकामी. डॉक्टरांच्या औषधाबरोबर माझाही थेंब रोज चांगल्या डोळ्यात घालते म्हणाली. "तुज्या हातचा गुण हाय."

मी तिच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूने हात घातला आणि बाटली पर्समध्ये टाकली. तिला दिसलं नाही. मी किती नीच आहे हे मला त्या क्षणी कळलं आणि तरी मी चहा पिऊन निघाले.

निघताना रोपांचं सांगितलं, हसण्यावारी नेत. ती हसली नाही. म्हणाली, "मी नाव सांगितलेला माजा. ते मलाच बगनार. आता तुज्याकडं बगतात, तर माजा काय हाय गं तुज्यापाशी?"

ती दोष देत नव्हती. खरंच विचारत होती.

१३ सप्टेंबर

हिरवा दिवा लावायला विसरले आणि ट्रे मोजून झाल्यावर लक्षात आलं. मला दिसत होतं. काळ्या खोलीत, सगळे दिवे बंद असताना. उजव्या बाजूचं सगळं, बियांवरची धूळसुद्धा.

चष्मा काढला. तरी दिसतं.

२५ सप्टेंबर

डोळे मिटले तरी उजेड जात नाही. उजव्या डोळ्यात तो तसाच राहतो. सुरुवातीला नुसता उजेड होता. आज दुपारी डोळे मिटून पडले होते तर त्यात कुडाची भिंत दिसली. चूल. चुलीपुढे पोट सांभाळत बसलेली एक मुलगी, कपाळावर गोंदलेलं. ती वर बघून माझ्याशी काहीतरी बोलली. मी तिला कधी भेटलेले नाही, पण ओळखलं.

हिराबाई परवाच पाड्यावर गेली, लेकीकडे. ठमी तिच्या उजव्या हाताला बसत असणार. गेलेल्या डोळ्याच्या बाजूला.

जे तिला दिसायला हवं ते मला दिसतंय.

९ ऑक्टोबर

धीरजसर म्हणाले, त्या म्हातारीचा दुसराही डोळा गेला. डॉक्टरांना कळत नाही म्हणे, गुलाबपाण्याने असं कसं होईल.

मी मान डोलावली. मान डोलावली मी.

त्याच वेळी डावीकडेही उजाडलं.

१६ ऑक्टोबर

आता मिटताच येत नाही. पापण्या मिटते — पाडा दिसतो. उघडते — ही खोली. अंधार कुठेच नाही. झोप नाही.

गादीच्या शिवणीत मुसळी उगवली आहे. चपलेत. कंगव्यात. गडद तांबड्याखाली जी उठायलाच नकोत ती पण उठली. सगळी वाकलेली — मी कूस बदलते तशी — इकडून तिकडे —

रोपांना दोष नाही. रोप उजेडाकडेच वळणार.

विनोदला फोन लावला. त्याने हॅलो म्हटलं. मी ठेवून दिला.

२२ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे गेले. सांगणार होते. स्टिरॉइड एवढा एक शब्द. बाकावर बसून राहिले — नंबर आला — मी म्हणाले माझाच चष्मा तपासा. ते म्हणाले इतकी स्वच्छ नजर त्यांनी पाहिली नाही.

सांगून तरी आता काय. पण सांगायला हवं. पाड्यावर जायचं — पायावर डोकं ठेवायचं — उद्या. उद्या नक्की.

२९ ऑक्टोबर

उद्या झालं नाही. परवाही नाही.

भात कापतायत. उन्हात विळे चमकतात. हिराबाईला कोणीतरी हात धरून बांधावर आणून बसवलं आहे. तिला ऊन लागतं, दिसत नाही. मला दिसतं —

ठमीला कळा —

— काळ्या खोलीत आहे. दार आतून लावलं. भर दुपार. सगळे दिवे बंद. अक्षर न् अक्षर दिसतंय. ट्रेतली रोपं झाकणं उचलून बाहेर — सगळी माझ्याकडे —

झालं. मुलगी आहे. रडली — आज ऐकूही येतंय. जिवंत आहे. जिवंत आहे.

ठमीने तिला पुसून हिराबाईच्या मांडीवर ठेवलं. हिराबाईची बोटं — तिच्या कपाळावरून, नाकावरून — किती हळू. किती वेळ.

तोंड मी पाहिलं. पहिलं मी. तिने नाही —

हिराबाई वाकली. बाळाला नाव सांगते आहे, बियाण्याला सांगायची तसंच. "मी हिरा. तुजी आजी. इकडं बग."

बाळाने डोळे उघडले.

आजीकडे बघत नाही. वर — सरळ — माझ्या डोळ्यांत —

हिराबाई विचारते, माज्याकडंच बगतेय ना गं? ठमी बोलत नाही. ती परत विचारते. कोणाकडं बगतेय?

कोणी सांगत का नाही तिला

सांगते. मी सांगते. हिराबाई, मी हिमानी. तुझे डोळे मी